राहिलं की सोडलं?

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी माननीय डॉक्टर इंद्रजीत साबळे साहेब, व्यासपीठावर बसलेले सरपंच महिपतराव, आत्ताच माझ्याविषयी भरभरून बोललेले आमचे आरोग्य सेवक कुंडलिकराव, समोर बसलेल्या सगळ्या आशाताई, अंगणवाडीच्या बाई, आणि भाताची झोडणी तशीच टाकून खास पाड्यांवरून उतरून आलेल्या माझ्या बायांनो आणि दादांनो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार आणि जय भीम.

गळ्यात हार, अंगावर शाल आणि हातात नारळ असला की कुणालाही आपण फार चांगले आहोत असं वाटायला लागतं. त्यात दोष माणसाचा नाही, हाराचा आहे. कुंडलिकराव म्हणाले, चंद्रकलाताई पाड्यावर आल्या की लोक आपली घड्याळं जुळवून घेतात. आता पाड्यावरही प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, घड्याळ कोण जुळवतंय? पण निरोपाच्या दिवशी थोडं वाढवून बोलायची आपल्याकडे रीतच आहे, त्यामुळे मी हरकत घेत नाही. तुम्ही मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलंत, त्याबद्दल आभारी आहे.

कुंडलिकरावांनंतर रेश्मा बोलली. रेश्मा वरच्या पाड्याची आशा. आज सत्तावीस वर्षांची आहे, मी तिला सहा वर्षांची असल्यापासून ओळखते. तिने तुम्हाला काय सांगितलं? "माझ्या बापाला टीबी होता. त्याने औषध सुरू केलं आणि अर्धवट सोडलं, म्हणून तो मेला. मी प्रत्येक सभेत माझ्या बापाचंच उदाहरण देते. सुरू केलेलं पुरं करायचं आणि वेळेवर करायचं, हे मी चंद्रकलाताईंकडून शिकले." तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खुर्चीत बसून, तिच्या बापावर.

मी घरून दोन पानं लिहून आणली होती. ती आता पर्समध्येच राहू देत. साहेब, मला दहा-पंधरा मिनिटं लागतील. वडे थंड होतील, त्याबद्दल आधीच माफी मागते.

मला सांगा, वक्तशीरपणा आईच्या पोटातून घेऊन कोणी येतं का? एकवीस वर्षांपूर्वीची चंद्रकला इथे फार थोड्यांनी पाहिली आहे. मी इथल्या उपकेंद्राची नर्स, आसनगावहून येऊन-जाऊन करायचे. मनगटावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलेलं, आणि ते पुढे आहे हे ठाऊक असल्यामुळे दहा मिनिटं जास्तच उशीर. कामचुकार नव्हते हं. उलट उत्साह दांडगा होता. आरंभशूर म्हणतात ना, तशी. बहिणीच्या बाळासाठी स्वेटर विणायला घेतला होता, एक बाही झाली तोवर ते बाळ शाळेत जायला लागलं. उपकेंद्रात सहा रजिस्टरं होती. सहाही पाच तारखेपर्यंत मोत्यासारख्या अक्षरात भरलेली, पुढे सगळी पानं कोरी. महिनाअखेर आली की तहान लागल्यावर विहीर खणायला बसायचे. लोक हसायचे, मीही हसायचे. उशिराची सवय म्हणजे एक गंमत आहे, असंच तेव्हा वाटायचं.

त्या वर्षी श्रावणात वरच्या पाड्यावरचा धाऊ माझ्याकडे आला. रेश्माचा बाप. तीस-बत्तीस वर्षांचा गडी, पण खोकून खोकून बरगड्या मोजता येतील असा झालेला. थुंकी तपासली, टीबी निघाला. तेव्हा पद्धत अशी होती की प्रत्येक पेशंटच्या नावाचा वेगळा खोका यायचा. सहा महिन्यांचं सगळं औषध त्यात, वर त्याचं नाव, आणि त्यातली एक गोळीही दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. धाऊला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव खोक्यावर नेमकं कुठे लिहिलंय ते त्याने मला विचारून घेतलं आणि त्यावरून बोट फिरवलं.

दिवसाआड तो डोंगर उतरून यायचा आणि माझ्यासमोर गोळ्या गिळायचा. तुफान पाऊस असला तरी यायचा. एकदाही चुकला नाही. हे वाक्य मी पुन्हा म्हणते, कारण आजवर मी ते कुठेच लिहिलेलं नाही. धाऊ एकदाही चुकला नाही. उशिरा मी पोचायचे, आणि तो उपकेंद्राच्या पायरीवर बसलेला असायचा. "ताई, गाडी चुकली का?" असं विचारायचा. टोमणा म्हणून नाही, काळजीने. दोन-अडीच महिन्यांत त्याचा खोकला थांबला, अंग भरलं. साडेतीन महिन्यांचं औषध उरलं होतं.

दिवाळी झाली. दिवाळी झाली की आपल्याकडे काय होतं, ते पाड्यावरच्या लोकांना मी काय सांगू? मुकादमाच्या गाड्या येतात आणि पाडेच्या पाडे वीटभट्टीवर जातात. एका शुक्रवारी संध्याकाळी धाऊ मला सांगायला आला. "ताई, सोमवारी सकाली आमची गाडी हाय. माज्या गोल्या देऊन ठेवा, आनि कागद पन."

काम किती होतं? तिकडच्या दवाखान्यात दाखवायला एक फॉर्म भरायचा, भट्टीचं गाव लिहायचं, खोका त्याच्या हातात द्यायचा. अर्ध्या तासाचं काम. फॉर्म कपाटात होता. खोकाही त्याच कपाटात होता. पण माझी पाचची एसटी होती. मी म्हटलं, "आता नको रे धाऊ, सोमवारी सकाळी मीच घेऊन येते पाड्यावर." तो बरं म्हणाला आणि गेला.

सोमवारी महिनाअखेर. आख्ख्या महिन्याचा रिपोर्ट कोरा, आणि तालुक्याहून निरोप की आजच्या आज हवा. मी रकाने भरत बसले. अकरा वाजता धाऊची आठवण झाली. म्हटलं, या गाड्या कधी वेळेवर सुटतात का? दुपारी जाऊ. दुपारी म्हटलं, बहुतेक उद्या निघतील. मी वर गेले ती गुरुवारी.

पाड्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळ्या दारांना काट्या लावलेल्या. एकटी भिमी म्हातारी मागे राहिली होती, ती ओट्यावर बसून होती. माझ्या हातातल्या खोक्याकडे बघून म्हणाली, "आता आलीस गो? धाऊनी दुपारपर्यंत गाडी थांबवून धरली व्हती. मुकादम शिव्या देत व्हता. धाऊ त्याला बोलला, ताई येनार बोलली हाय, तिचा टाइम जरा मागंपुढं व्हतो."

एकवीस वर्षं झाली. तिचा टाइम जरा मागंपुढं व्हतो. त्याने मला शिवी दिली असती तर मी ती केव्हाच विसरले असते. त्याने माझी बाजू घेतली, ते मला विसरता येत नाही.

तरीही वेळ गेली नव्हती. मुकादमाला गाठून भट्टीचा पत्ता काढता आला असता. तेही मी उद्यावर टाकलं, मग पुढच्या आठवड्यावर. दोन महिने गेले. वरून विचारणा झाली, या पेशंटचं काय? तेव्हा मी रजिस्टर उघडलं आणि धाऊच्या नावासमोर लिहिलं, "रुग्णाने औषध अर्धवट सोडले." अक्षर सुंदरच होतं.

जनी, म्हणजे धाऊची बायको, ज्येष्ठात परत आली. एका हाताला रेश्मा, आणि धाऊ नाही. तो शिमगा झाल्यावर गेला. जनी मला म्हणाली, "तिकडं खोकला परत लागला. दवाखान्यात बोलले, आदीचा कागद आना. कागद कुटं व्हता? औषद ऱ्हायलं ना, ताई." एवढंच म्हणाली. पुढे म्हणाली, "पोरीला जरा तपासता का?"

ऱ्हायलं. बघा, त्या अडाणी बाईने नेमका शब्द वापरला. औषध राहिलं म्हणजे कुणीतरी द्यायचं होतं आणि दिलं नाही. औषध सोडलं म्हणजे ज्याचं मरण, त्याचीच चूक. रजिस्टर माझ्या हातात होतं, पेन माझ्या खिशाला होतं. मी जनीचा शब्द लिहून घेतला नाही. रेश्माला तपासलं, ती ठणठणीत होती.

त्या दिवसापासून मी वेळेवर यायला लागले. घड्याळ पुढचं मागे आणून बरोबर लावलं. एक फॉर्म पुरा झाल्याशिवाय दुसरा हातात घेतला नाही, आणि "येते" म्हटलं की वार आणि तास सांगून म्हटलं. सुरुवातीला लोक म्हणायचे, ताई आता मुहूर्त काढून निघतात. तुम्हाला वाटतं ही शिस्त आहे. अहो, ही शिस्त नाही, ही भीती आहे. आजही दिवाळीनंतर डोळखांबच्या चढावर ट्रकचा हॉर्न वाजला की माझा हात आपोआप पिशवीकडे जातो. आजही उपकेंद्राची पायरी चढताना मी आधी खाली बघते, कुणी बसलंय का. कुणी नसतं. तरी मी कडेने चढते.

जनी चार वर्षांनी गेली. रेश्मा आश्रमशाळेत शिकली, पुढे आशा झाली. आणि पहिल्याच महिन्यात तिने जुनं रजिस्टर काढून बापाचं नाव शोधलं. माझ्याच टेबलावर, माझ्यासमोर बसून. माझं अक्षर तिने बोट ठेवून वाचलं. मला म्हणाली, "ताई, बाबाने असं का केलं असंल?" आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "चहा घेतेस का?"

तेव्हापासून पाच वर्षं ही मुलगी पाड्यापाड्यावर उभी राहून सांगते, माझ्या बापासारखं करू नका. मी बाजूला खुर्चीवर असते. लोक माना डोलावतात. एकदा मी बोलायला तोंड उघडलंही होतं. मग म्हटलं, सभा संपल्यावर सांगू.

आज चार्ज देताना कुंडलिकरावांनी सगळी रजिस्टरं तपासली. एकही रकाना कोरा सापडला नाही, याचं त्यांनी मघाशी कौतुक केलं. कुंडलिकराव, एक रकाना खोटा आहे. आज सकाळी दहाला मी साबळे साहेबांकडे ते लेखी दिलं आहे. साहेब म्हणाले, ताई, निदान सत्कार तरी होऊ द्या. त्यांच्या मनात माझी काळजीच होती. पण मी एकवीस वर्षं काहीतरी होऊ देण्याचीच वाट बघत आले आहे.

रेश्मा, मान वर कर बाळा. तुझ्या बापाने औषध सोडलं नव्हतं. मी दिलं नाही. तो वेळेवर होता. हे मी तुला एकटीला घरी सांगायला हवं होतं, पण त्याचं नाव चारचौघांत गेलं आहे, तर ते चारचौघांतच परत यायला हवं. तू माझ्याशी उद्यापासून बोलली नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही. आत्ता उठून गेलीस तरी चालेल.

अध्यक्ष महोदयांचे, सरपंचांचे, आणि आपलं काम टाकून इथे आलेल्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. बोलताना लांबण लागली असेल, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर ते तेवढं पोटात घाला. बाकीच्याची माफी मागायचा हक्क मला नाही, आणि ती देण्याची घाई कुणी करू नये.

रेश्मा, एक शेवटचं. गाड्या यायच्या आत, येत्या मंगळवारी वरच्या पाड्यावर तुझी सभा आहे. तिथे बापाचं उदाहरण नक्की दे. सांग, की माझ्या बापाने औषधासाठी दुपारपर्यंत गाडी थांबवून धरली होती. कुणी विचारलं, मग औषध का नाही मिळालं, तर सांग, नर्स आली नाही. आणि कोण नर्स असं विचारलं, तर नुसतं ताई म्हणू नकोस. चंद्रकला भालेराव, असं पुरं नाव सांग.