दोन इंच खाली

गॅरेजच्या बाकावर आपल्या गाडीची वाट बघत बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या मायलेकांचं मिस्त्रीशी चाललेलं बोलणं पडत होतं.

“मिस्त्री, गाडी दोन इंच खाली घ्यायचीय. स्वस्तात,” मुलगा म्हणाला.

“स्प्रिंगा कापणं सगळ्यात स्वस्त, पण गाडी उड्या मारते. मी कापत नाही. तयार आखूड स्प्रिंगा घाल.”

“चालतील.”

“गतिरोधकाला घासेल हं. पोरींनी वळून बघावं म्हणून एवढा खटाटोप?”

“आईचे गुडघे गेलेत. चढताना उचलावं लागतं.”

“मी कधी म्हटलं, उचल म्हणून?” म्हातारी म्हणाली.

दुपारी मायलेकांची गाडी जॅकवरून उतरली. मुलगा सवयीने पुढे झाला.

“हात खिशात घाल,” म्हातारीने त्याला अडवलं.

“अगं, पण...”

दार धाडकन लागलं.

“बसले. चल आता, गतिरोधकाला जपून.”