आप्पांची भूल

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेत होते. ते ड्युटीवरून आले की त्यांच्या धाकानं घरात रेडिओसुद्धा कुणीतरी आपणहून बारीक करायचं. रिटायर झाल्यावर पुण्याला त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पूर्ण भूल देऊन. ऑपरेशन छान झालं, पण घरी आला तो माणूस वेगळाच. दिवसा झोपायचे आणि रात्री टक्क जागे. जागे असले की आईशी बोलत बसायचे. तिच्या माहेरी, न्हावऱ्याला, तिला बघायला गेले तेव्हा तिनं कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं होतं, तेही सांगायचे. एकदा तिच्या हातावरचा भाजल्याचा डाग बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"एवढं भाजलं, आन् मला बोलली न्हाईस?"

तो डाग माझ्या जन्माआधीचा.

आई घाबरली. टाके दाखवायला गेलो तेव्हा तिनं डॉक्टरांना विचारलं, "ह्यांच्या डोक्यावर तर काय परिणाम झाला न्हाई ना?"

डॉक्टर म्हणाले, "या वयात भुलीनंतर होतं असं कधी कधी. झोप उलटीपालटी होते, माणूस हळवा होतो. बहुतेकांचं हळूहळू पूर्ववत होतं."

"म्हंजी पयल्यासारखे व्हतील?"

"होतील की."

शेजारच्या खुर्चीत आप्पा पेंगत होते. त्यांची घसरलेली शाल आईनं नीट केली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, झोप तेवढी जाग्यावर आणा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."