शाल घेण्याआधी दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावरील कमिटीचे मान्यवर, आत्ताच आमचं मानपत्र वाचणारे सेक्रेटरी देवराम गुरुजी, महिला मंडळाच्या भगिनी, तरुण संघातली पोरं, आणि आमच्या आग्रहाखातर नौपाड्यातून आलेले आमचे शेजारी भाऊ कर्वे, सर्वांना माझा सलाम.

गुरुजी, ती शाल जरा तुमच्याच हातात राहू द्या. आधी बोलतो, मग बघू. रागावलेलो नाही मी. मला धक्का बसलाय आणि तो अजून ओसरलेला नाही, एवढंच.

नव्वद सालचं आदर्श ख्रिस्ती कुटुंब म्हणून तुम्ही आम्हा उजागरेंना निवडलंत. वयात येणारी मुलं विश्वासात कशी वाढवावीत, यावर मी चार शब्द सांगावेत असं ठरलेलं. मी तयारीही केलेली, कागद खिशात आहे. आज दुपारचं जेवण होईपर्यंत मला या विषयातलं सगळं काही ठाऊक होतं.

उद्या रविवारी बिशपसाहेब येतायत, मुलांचं दृढीकरण आहे. भाऊंसाठी सांगतो. तुमच्यात मुंज, तसं थोडंफार आमच्यात हे. मूल तान्हं असताना बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप त्याच्या वतीनं देवाला वचनं देतात. मूल मोठं झालं की बिशप त्यालाच विचारतात, ही वचनं तू स्वतःवर घेतोस का? ते म्हणतं, घेतो. मग ते पुढं येऊन प्रभुभोजन, म्हणजे वेदीपुढची भाकर आणि द्राक्षरस, घ्यायला मोकळं; तोवर बाकावरच बसायचं. तुमच्या बटूला कोणी काही विचारत नाही, भाऊ. आमच्यात विचारतात. आणि खरं सांगू का, हा प्रश्न आहे हे आम्ही विसरूनच गेलेलो.

आमची थोरली उत्तरा तीन वर्षांपूर्वी उभी राहिली, अगदी खणखणीत बोलली. आता शमुवेल, आमचा शमू, सोळा वर्षांचा. सगळी प्रश्नोत्तरं मीच घोकून घेतली त्याच्याकडून. झोपेतून उठवून विचारा, चुकायचा नाही. पांढरा शर्ट शिवून आला, कल्याणहून मेव्हणे केक घेऊन दाखल झाले. आणि आज दुपारी तो शर्ट इस्त्री करता करता पोरगं मला म्हणतं, "पप्पा, उद्या बिशपसाहेब विचारतील, तेव्हा नाही म्हटलं तर चालतं का?"

मी हसलो. मला वाटलं, घाबरलाय. म्हटलं, "अरे, उत्तर पाठ आहे ना तुझं?"

"पाठ आहे. पण खरं नाहीये अजून."

मंडळी, मी हा प्रश्न आयुष्यात ऐकलेला नाही. माझ्या बापानं मला उभं केलं, मी उभा राहिलो. विषय संपला. आमच्या मेव्हण्यांनी चहाचा कप खाली ठेवला. नीला स्वयंपाकघरातून तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "देव नाही असं म्हणायचंय का तुला?"

तो म्हणाला, "तसं नाही गं आई. तुम्ही रात्री प्रार्थनेला डोळे मिटता, तेव्हा समोर कुणीतरी आहे असं तुमच्या आवाजावरून कळतं. मी मिटतो तेव्हा नुसता अंधार असतो. मी रोज बघतो. अजून कुणी नाही."

मग मी काय बोललो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी ओरडलो. म्हटलं, "उद्यापुरतं घेतो म्हणून टाक ना, विश्वास काय, येईल मागाहून." त्यानं इस्त्री बाजूला उभी केली. "म्हणजे देवासमोर खोटं बोलू?" एवढंच विचारलं, आवाजही चढवला नाही. तुमच्यापैकी कुणाकडं उत्तर असेल तर द्या.

आपण मुलांना म्हणतो, खोटं बोलू नका. आणि ते ऐकतात हो! एवढं ऐकतील याची कल्पना नसते आपल्याला.

इथं येताना माझं आणि मेव्हण्यांचं ठरलेलं. पोराला ताप आला म्हणायचं, पुढच्या वर्षी बघू. हसू नका, गालगुंडापर्यंत चर्चा गेलेली. शमू मागून चालत होता, त्यानं ऐकलं असणार. मग इथं आलो, आणि देवराम गुरुजींनी मानपत्रात दणकून वाचलं, 'सत्यप्रिय कुटुंब.' गुरुजी, दुसरा एखादा शब्द मिळाला नाही का हो तुम्हाला? झाली ना माझी पंचाईत. खुर्चीवरून उठलो, मागच्या बाकावर शमूजवळ गेलो आणि विचारलं, "सांगू का सगळ्यांना?" तो म्हणाला, "सांगा पप्पा. ताप नाहीये मला."

तर सांगितलं. उद्याच्या रांगेत आमचा शमू नसेल. भीती वाटते मला. हा पुढं कधी त्या रांगेत उभा राहीलच असं मला कुणी लिहून देणार नाही, पाळकसाहेबसुद्धा नाही. शाल द्यायची की नाही, ते कमिटीनं ठरवावं. दिलीत तर घेऊ, नाही दिलीत तर राग नाही.

एक विनंती मात्र आहे. उद्या तो आमच्याबरोबर आपल्या देवळात येणार आहे, त्याचं त्यानंच सांगितलंय. त्याच्याकडं वळून बघू नका, आणि त्याला कोपऱ्यात घेऊन समजावूही नका. लग्न झाल्यापासून नीला आणि मी प्रभुभोजनाला नेहमी जोडीनं पुढं गेलोय. उद्या नाही जाणार. आधी ती जाईल, मग मी. एकजण पोराजवळ बाकावर बसेल.

पाळकसाहेबांचे, कमिटीचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलंत म्हणून आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर माझं म्हणून पोटात घाला. शमूला त्यात धरू नका. तो कमीही बोललेला नाही आणि जास्तही नाही.