मातीला दिशा कळते

दादा : …आणि नियमावलीत स्पष्ट लिहिलंय, निर्णय मान्य नसेल तर मुख्य संपादकांकडे दाद मागता येते. मी मागायला आलोय. कुठे बसतात ते?

धाकटी : तुझ्यासमोर.

दादा : नकार तूच दिलास ना?

धाकटी : तो संपादक म्हणून. आता मुख्य संपादक म्हणून ऐकते. खुर्ची जरा पुढे घे, मागचं कपाट उघडतं आपोआप.

दादा : सख्ख्या बहिणीनं भावाचा लेख परत पाठवावा, आणि वर ‘आपल्या पुढील संशोधनास शुभेच्छा’. मी निवृत्त माणूस, पुढील कसलं संशोधन? ही घे तक्रार. सहा पानं. तुझी वहिनी म्हणते, लेखापेक्षा तक्रार बरी जमलीय.

धाकटी : वहिनीनं लेख वाचला?

दादा : सोसला. उन्हाळाभर तिचे केकचे ट्रे चिखल भरून गच्चीवर पडले होते. शेवटी म्हणाली, तुमची ती भेग सापडली की ट्रे घासून द्या.

धाकटी : मग सापडली?

दादा : लेखाचं नाव काय आहे? ‘मातीला दिशा कळते’. ओली माती ट्रेमध्ये वाळत ठेव, पहिली भेग ईशान्य कोपऱ्यातच पडते. दर वेळी. ऊन म्हणशील, तर वर कापड ताणलं. वारा म्हणशील, तर भोवती पुठ्ठे उभे केले. तरी ईशान्यच. आणि तुझे परीक्षक! एकानं लिहिलंय, ‘निष्कर्ष धाडसी आहे.’ मी खूश होऊन घरात वाचून दाखवलं. पोरगा म्हणाला, बाबा, ही शिवी आहे. दुसऱ्यानं तर एकच ओळ खरडलीय, ‘ट्रे फिरवून पाहिले का?’ का फिरवायचे? चांगले बसलेत एका जागी.

धाकटी : लेख कुणाचा ते त्यांना माहीत नव्हतं. पाठवताना नाव काढून टाकतो आम्ही.

दादा : म्हणजे लेखात जे एक चांगलं होतं तेच काढलंस. प्रयोगशाळेतल्या नोकरीभर साहेबांच्या लेखांत माझं नाव कुठे छापून यायचं, ठाऊक आहे ना?

धाकटी : आभारात.

दादा : आभारात, तेही यंत्रांच्या खाली. एकदा भट्टी कुठल्या कंपनीची ते छापलं आणि माझं आडनाव गाळलं. तेव्हाच ठरवलं होतं, मरायच्या आत एक लेख आपल्या एकट्याच्या नावावर. कसलाही असो. आणि त्याला तुझं नियतकालिक अगदी योग्य, कुणी वाचतच नाही.

धाकटी : लिहिणारे वाचतात की. आपापलं.

दादा : मग छापायला काय जात होतं तुझं?

धाकटी : अरे, छापायचंच होतं मला. ते शेरे आले आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझ्या भावाला असं बोलतात म्हणजे काय, दाखवतेच यांना. सुट्टीच्या दिवशी बाह्या सरसावल्या आणि माझ्या गच्चीवर तू लिहिलंयस त्याच मापानं माती कालवली.

दादा : तू?

धाकटी : मी. कोपरापर्यंत चिखल. खालच्या मजल्यावरचे विचारायला आले, काही गळतंय का म्हणून.

दादा : मग? ईशान्येलाच पडली ना?

धाकटी : नैर्ऋत्येला.

दादा : माती भेसळीची असणार.

धाकटी : तुझ्याच डब्यातली होती. वहिनीनं आणून दिली.

दादा : घरातलेच फितूर.

धाकटी : पुन्हा केलं. देवाशपथ सांगते, तू बरोबर ठरावंस म्हणून केलं. पुन्हा नैर्ऋत्य. दादा, तुझ्या गच्चीवरचं पावसाचं पाणी कुठे जातं?

दादा : जाईल कुठे, पाइपातून खाली.

धाकटी : पाइप कुठल्या कोपऱ्यात आहे?

दादा : टाकीपाशी. नैर्ऋत्येला.

धाकटी : माझ्या गच्चीचा ईशान्येला आहे.

(दादा टेबलावरची तक्रार उचलून तिरकी धरून बघतो.)

दादा : उतार.

धाकटी : हं. वरच्या अंगाला थर पातळ होतो, तो आधी…

दादा : आधी वाळतो, आधी तडकतो. मला नको शिकवूस. जन्मभर दुसरं केलं काय मी? कुणी पोरगं प्रयोग मांडायला लागलं की आधी मी पाणसळ घेऊन हजर. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठे सारायचे, बुडबुडा मधोमध आणायचा, मगच त्याला हात लावू द्यायचा. अख्ख्या विभागाची टेबलं समतल केली आणि स्वतःचा प्रयोग नेऊन ठेवला गच्चीवर. म्हणे मातीला दिशा कळते. तिला कळली असेल, मला नाही कळली.

धाकटी : मला फार वाईट वाटलं रे. नकाराचं पत्र एरवी मी डोळे मिटून पाठवते. तुझं लिहायला बसले की उठून चहा करायचे.

दादा : तक्रार मागे घेतो. कागद पाठकोरे आहेत, ठेव तुला.

धाकटी : उतारावरच छोटं टिपण लिही ना. छापते मी.

दादा : गच्चीला उतार असतो, हे? गवंडी हसतील. आहेत ते चार वाचकही घालवशील. त्यापेक्षा एक कर, तुझं ते पत्र मला लेटरहेडवर काढून दे. सही-शिक्क्यासकट.

धाकटी : नकाराचं? ते कशाला?

दादा : नकाराची पत्रं विभागात ढिगानं यायची. प्रयोग मी केलेले असायचे, पत्र साहेबांच्या नावानं. हे मला आलंय.