गोलपुढची माती

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण हॅम्बर्गमधली ती कॉलेजची फायनल मला आजही उलगडलेली नाही. गोलकीपर मी. लहानपणची तालमीतली सवय, म्हणून गोलपुढच्या मातीला हात लावून नमस्कार केला आणि उभा राहिलो. आम्ही एका गोलने पुढे असताना अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मी उजवीकडे झेपावलो, बॉल डावीकडे गेला आणि कुणीतरी थोपवावा तसा बाहेर उडाला. रेफरीने कॉर्नर दिला, म्हणजे बॉलला गोलकीपरचा हात लागलेला त्याला दिसला होता; माझा तर लागलाच नव्हता!

कप मिळाल्यावर आमच्या म्हाताऱ्या जर्मन कोचने विचारलं, "आधी वाकून काय केलंस?"

"मातीला नमस्कार."

तो पांढराफटक पडला. "युद्धात इथे बॉम्ब पडला, तेव्हा आमचा गोलकीपर त्याच गोलपुढे गेला. त्याच्या जागी उभं राहण्याआधी त्याला विचारणारा तू पहिलाच."