नऊ नंबरची किल्ली

मॅडम : मामा, मशीनच्या बोर्डावर किल्ल्या पंधराच आहेत, सोळा हव्यात. कितीही वेळा मोजल्या तरी पंधराच राहणार. कुठला नंबर नाहीये?

मामा : नऊ.

मॅडम : नऊ म्हणजे...

मामा : माझी. हसू नका.

मॅडम : हसत नाहीये. वीस वर्षं किल्लीसाठी दुसऱ्यांचे खिसे चाचपणारा माणूस, आणि रिटायर व्हायच्या दिवशी... बरं, हसतेय थोडी. पण चारला लेझर दुसऱ्या टीमकडे जातोय. साहेबांच्या कपाटातली जादाची किल्ली लावू या.

मामा : नाही. घरी फोन लावतो. स्पीकरवरच ठेवतो, तिला हळू बोलता येत नाही.

मामी : ऐकू येतंय मला.

मामा : कालची पँट धुवायला टाकलीस?

मामी : धुतली, वाळलीसुद्धा. खिशात लाल पट्टीची किल्ली होती, सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलीय. कसली आहे एवढी?

मॅडम : मामी, आत जाताना प्रत्येकाने आपली किल्ली खिशात घालायची, बाहेर आला की बोर्डावर लावायची. सगळ्या लागल्याशिवाय मशीन चार्जच होत नाही.

मामी : अर्ध्या तासात आणते.

मॅडम : सव्वातीन झालेत, मामा. उशीर झाला तर हा शॉट, एवढा मोठा प्रयोग, पुढच्या महिन्यावर जाईल, आणि तुम्ही नसाल. सहा महिने तुम्हीच राबलात ह्याच्यासाठी. आणि तुम्ही तर माझ्यासमोर उभे आहात, आत कोण असणार?

मामा : त्या दिवशीही सगळे असंच म्हणाले होते. तेव्हा बोर्ड नव्हता. एक जण मागच्या बाजूला बोल्ट आवळत होता आणि इकडे चार्जिंग सुरू केलं. भोंगा बंद पडलेला. गुणगुण ऐकू आली, तसा तो धावत सुटला, दाराजवळचं लाल बटण दाबलं, म्हणून वाचला.

मॅडम : कोण होता?

मामा : मीच.

मामी : कधीची गोष्ट ही?

मामा : तू अजून फोनवरच?

मामी : दोन दिवस जेवला नव्हतात, तेव्हाची? पोट बिघडलंय म्हणालात.

मामा : बिघडलंच होतं.

मामी : तुमच्याकडे नंतर बघते. निघाले मी.

(पावणेचार. मामी बोर्डासमोर.)

मामी : इथे लावू? लागली. आता तरी सांगा, करता काय एवढं?

मॅडम : खोडरबराच्या तुकड्याएवढी धातूची नळी, आत गॅस. तो लेझरने शेकायचा, मग करंट सोडून नळी चहूबाजूंनी आवळायची. सूर्यात मिसळतात तसे अणू एकमेकांत मिसळतात आणि ऊर्जा निघते.

मामा : आधी नुसतेच आवळायचो. शेकायचं डोकं मॅडमचं.

मामी : किती वेळ आवळता?

मॅडम : पापणी लवते ना, त्याच्या दहा लाखाव्या भागाइतका.

मामी : आणि तेवढ्यासाठी हे रोज रात्री आठला घरी येत होते.

मामा : चार्ज झालंय. कानांवर हात ठेव.

मामी : ठेवायच्या आत झालं की. पायाखालून काहीतरी गेलं.

मॅडम : मामा, आकडा बघा. अणू मिसळले की न्यूट्रॉन निघतात, ते मागच्यापेक्षा चौदा पट.

मामी : चांगलं आहे ना? मग हे रडतायत कशाला?

मामा : चांगलं आहे म्हणूनच.

मामी : म्हणजे आता ह्याची वीज घरी येणार?

मामा : कुठली. अजून वीस-तीस वर्षं तरी जातील.

मामी : मग अर्ध्यावर टाकून कसे निघालात तुम्ही?

मामा : वीज ही मंडळी आणतील. त्या दिवसानंतर मशीन चार्ज होताना कुणीही आत राहिलं नाही. माझं काम तेवढंच होतं.

मामी : तेवढंच म्हणे.