इतवाऱ्यातून नेलेल्या सेटटॉप बॉक्सबाबत

नाव वैजयंती निरंजन महाजन, वय ६४ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार इतवारा, बऱ्हाणपूर.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून लिहून देते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती कृषी खात्यात होते. ते ऑगस्ट २०२१ मध्ये वारले.

दिनांक ९ रोजी सकाळी अकराच्या सुमारास इंटरनेट कंपनीचा विक्रेता प्रशांत चौधरी माझ्या घरी आला. तो चौथीत माझ्या वर्गात होता, म्हणून मी त्याला बसवले. त्याने कागदावर दोन रकाने आखले. केबलचे महिना साडेतीनशे, कारण आपल्याकडे हिंदीचा पॅक मिळतो आणि मराठी चॅनलांचे वेगळे द्यावे लागतात. इंटरनेटचे चारशे नव्व्याण्णव, त्यात सगळे. तो म्हणाला, "टीचर, केबल आता कोण बघतं? पुण्याला दीपालीताईंशी दिवसभर व्हिडिओवर बोला, सब उसी में." दीपाली माझी मुलगी. मी फॉर्मवर सही केली. आधी पूर्ण वाचा, मग लिहा, हे पस्तीस वर्षे मीच शिकवले. मी वाचले नाही.

मी त्याच्यासाठी चहा करायला आत गेले. बाहेर आले तेव्हा केबलची तार काढलेली होती आणि जुना डबा त्याच्या पिशवीत होता. "एक्स्चेंज आहे टीचर, फॉर्मात लिहिलंय," तो म्हणाला. डब्याचा पेनड्राइव्ह त्याने माझ्या हातात दिला, त्यामुळे मी हरकत घेतली नाही. त्याने चहा घेतला.

पेनड्राइव्हवर निरंजन यांची बावीस मिनिटांची मुलाखत आहे. २०१९ मध्ये गावच्या केबल चॅनलवर केळीच्या रोगांविषयी झाली, ती मी घरी त्या डब्यावरून रेकॉर्ड केली होती. ते चॅनल आता बंद आहे. शेवटी, कॅमेरा चालू आहे हे न कळून ते म्हणतात, "झालं ना? वैजू बघत असेल. तिला म्हणावं, बहादरपूरहून वांगी आणतोय."

त्याच संध्याकाळी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. काही दिसले नाही. केबलवाले भिकन यांनी सांगितले, "भाभी, हे त्याच डब्यावर चालतं, दुसऱ्यावर नाही. डबा आणा, मी चालू करून देतो."

मी प्रशांतला फोन केला. "टीचर, वो तो भंगार में गया. इतकं काय त्यात? दोन महिने फ्री करून देतो." मी त्याला काय बोलले ते येथे लिहीत नाही.

पहिले बिल कर धरून पाचशे एकोणनव्वद आले. मराठी मालिकांचे एकशे एकोणपन्नास वेगळे. ज्याला मी बेरीज शिकवली त्याने माझ्यासमोर बसून ही बेरीज लपवली. परंतु माझी तक्रार त्या पैशांची नाही.

ठाण्यातील प्रधान आरक्षक (हवालदार) यादव यांनी विचारले, "मॅडम, पेनड्राइव तो आपके हाथ में है, फिर चोरी क्या हुआ?" मी त्यांना दोनदा समजावले. तिसऱ्यांदा समजावणार नाही, म्हणून हे लिहून देत आहे.

काल मी भंगारवाल्याकडे स्वतः गेले. पोत्यात असेच चाळीस-पन्नास डबे आहेत, मागच्या नंबरच्या चिठ्ठ्या निघालेल्या. सोमवारी ते फोडणार आहेत. माझी मागणी एवढीच की ते पोते ठाण्यात आणावे आणि भिकन यांना बोलवावे. एकेक डबा लावून पाहायला मी येथे बसते. कितीही दिवस लागोत.

हा जबाब मी माझ्या हाताने मराठीत लिहिला, सर्वांसमोर मीच मोठ्याने वाचला. यातील एकही शब्द मला बदलायचा नाही.

वैजयंती नि. महाजन